निसर्गातला तो एक क्षण: इंग्रजी कवितेत त्याला तारीख असते, फारसीत का नसते?

ओलीपाने

नमस्कार. प्रश्न थोडा लांबण लावून विचारते, कारण तीन महिने तो मनात घोळतो आहे.

मी एकोणीस वर्षं अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवलं. वर्ड्‌सवर्थची डॅफोडिल्सची कविता किती वेळा शिकवली असेल, गणती नाही. पहिली कडवी सोपी: तळं, वारा, नाचणारी पिवळी फुलं. शेवटच्या कडव्यात मात्र कवी घरी कोचावर आडवा झालेला असतो, मन कधी रिकामं, कधी विचारात बुडालेलं, आणि ती फुलं त्याच्या 'आतल्या डोळ्या'समोर लखकन चमकून जातात. एका मुलीनं एकदा विचारलं, "मॅडम, मग त्याला ते झालं कधी? तळ्यापाशी की घरी?" मी तिला परीक्षेपुरतं उत्तर दिलं आणि पुढच्या धड्याकडे वळले. तिचा चेहरा मला अजून आठवतो. वर्गात इतका नेमका प्रश्न क्वचित येतो आणि मी तो वाया घालवला.

नोकरी संपल्यावर फारसी शिकायला घेतली, त्याला दोन वर्षं झाली. सकाळी वर्ड्‌सवर्थचं 'प्रिल्यूड' हे आत्मचरित्रपर दीर्घकाव्य आणि रात्री कोश मांडीवर घेऊन सादी आणि हाफिज हे फारसी कवी. दोन्हीकडे तो क्षण भेटतो. माणूस झाडापाखरांत असतो, डोंगरात असतो, पाण्याकाठी असतो आणि एकाएकी काहीतरी उघडतं. भोवतालचं सगळं जागच्या जागी राहतं, फक्त तो माणूस आधीचा राहत नाही.

पण मला एक फरक जाणवतो. इंग्रजी कवी पत्ता आणि तारीख देतो. टिंटर्न अ‍ॅबीच्या कवितेच्या शीर्षकातच १३ जुलै १७९८ आहे. हार्डीच्या भर थंडीत गाणाऱ्या थ्रश पक्ष्याच्या कवितेखाली ३१ डिसेंबर १९०० आहे. एडवर्ड टॉमस तर आगगाडीच्या स्टेशनाचं नाव सांगून सुरुवात करतो. आणि हाफिज? 'रफ्तम ब बाग सुब्हदमी ता चिनम गुली, आमद ब गोश नागहम आवाज-ए-बुलबुली.' सकाळी बागेत गेलो फूल खुडायला, आणि एकाएकी कानावर आला बुलबुलाचा आवाज. (हा आपला तुरेवाला बुलबुल नव्हे, फारसीतला बुलबुल म्हणजे इंग्रजांचा नाइटिंगेल.) कुठली बाग? कुठली सकाळ? कुणाची बाग होती ती?

तर फारसी कवीला तो क्षण खरंच आलेला असतो का, की गुल आणि बुलबुल हा ठरलेला साचा आहे आणि प्रत्येकानं त्यात आपली ओळ ओतायची? दुसरं, याला मराठीत काय म्हणावं? 'साक्षात्कार' म्हटलं की समोर देव उभा राहतो. वर्ड्‌सवर्थला लहानपणी रात्री होडीत असताना देव दिसला नव्हता, एक काळाकभिन्न डोंगर दिसला होता.

पुढच्या महिन्यात आमच्या सहा जणींच्या वाचनगटात मला यावर बोलायचं आहे. या वेळी परीक्षेपुरतं उत्तर द्यायचं नाही.

पानगळ

ताई, फारसीत तारीख नसते असं नाही. ती तुमच्या मांडीवरच्या पुस्तकातच आहे.

'गुलिस्तान' (म्हणजे गुलाबांची बाग) या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सादी साल सांगतो, हिजरी ६५६, म्हणजे इसवी १२५८. ओळ अशी आहे की 'ज्या काळात आमचा वक्त खुश होता' तेव्हा हिजरी सालं इतकी झाली होती. हुलागूच्या मोंगल फौजांनी बगदाद उद्ध्वस्त केलं ते याच साली. त्या वर्षात आपला 'वक्त खुश' होता असं लिहिणारा माणूस बागेकडे कुठल्या नजरेनं बघत असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

आणि दिवसही आहे. जलाली पंचांगाच्या उर्दिबेहिश्त महिन्याची सुरुवात, म्हणजे आपल्या हिशेबानं एप्रिलचा तिसरा आठवडा संपतानाचा काळ. (हे पंचांग १०७९ साली सुरू झालं. ते ठरवणाऱ्या खगोलज्ञांत उमर खय्याम होता.) सादी आणि एक मित्र रात्री बागेत मुक्काम करतात. सकाळी शहराकडे परतायची वेळ होते तेव्हा मित्रानं अंगरख्याच्या दामनात, म्हणजे आपण ओटा म्हणू त्यात, गुलाब, सब्जा आणि कितीतरी सुगंधी फुलं भरून घेतलेली असतात. सादी म्हणतो, ही फुलं पाच-सहा दिवसांची. मी असं गुलिस्तान रचीन की पानगळीचा वारा त्याला हात लावू शकणार नाही. मित्र ओट्यातली फुलं टाकून देतो आणि सादीचाच दामन धरतो. माझं इथलं नाव त्याच ओळीवरून घेतलं आहे.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला दुसऱ्या अध्यायातल्या एका छोट्या गोष्टीत सापडतं. ती मी तोंडपाठ केली आहे. सुरुवात 'याद दारम' अशी, मला आठवतं. रात्रभर काफिल्याबरोबर चाललो होतो आणि पहाटे एका रानाच्या कडेला झोपलो होतो. सोबत एक शोरीदे, म्हणजे पिसाटलेला माणूस होता. त्यानं एकाएकी आरोळी ठोकली आणि वाळवंटाची वाट धरली, क्षणभर थांबेना. दिवस उजाडल्यावर मी त्याला विचारलं, 'आन चे हालत बूद?' ती काय हालत होती? तो म्हणाला, झाडांवरून बुलबुल, डोंगरातून तितर, पाण्यातून बेडूक, रानातून जनावरं, सगळी साद घालू लागलेली पाहिली. मनात आलं, ही मुरव्वत नव्हे, की सगळे जपात आणि मी गफलतीत झोपलेला.

मुरव्वत म्हणजे आपली भीडमुर्वत. गफलत म्हणजे आपण गाफील म्हणतो तेच. हालत तर जशीच्या तशी. पुढे चार ओळींची कविता आहे, तीत पाखराच्या रडण्यानं माझी 'अक्ल, सब्र, ताकत, होश' नेली असं म्हटलं आहे. अक्कल, सबुरी, ताकद, होश. कोश न उघडता मराठी माणसाला कळावी अशी ओळ.

आता हिच्याशेजारी टॉमसची ती स्टेशनाची कविता ठेवा. तिचीही सुरुवात 'होय, मला आठवतं' अशीच. २४ जून १९१४ चा उकाडा. एक्सप्रेस गाडी अ‍ॅडलस्ट्रॉपला अवचित थांबते. कुणी उतरत नाही, कुणी चढत नाही. कुणीतरी घसा खाकरतं. मग जवळच एक काळा पक्षी गातो आणि त्याच्यामागे, धूसर होत होत, दोन परगण्यांतली सगळी पाखरं. काफिला थांबलेला आणि गाडी थांबलेली. एकीकडे साडेसहाशे वर्षांपूर्वीची पहाट आणि दुसरीकडे पहिल्या महायुद्धाच्या तोंडावरची दुपार. टॉमस एप्रिल १९१७ मध्ये अरासच्या लढाईत मारला गेला. ही जोडी तुमच्या गटात एकामागून एक मोठ्यानं वाचा, एवढीच माझी विनंती.

आणि एक बघा, सादीच्या गोष्टीत तो क्षण सादीला आलेला नाही. तो झोपला होता. क्षण आला शेजारच्याला. साच्यात ओळ ओतणाऱ्या कवीनं तो मोठेपणा स्वतःकडे घेतला असता.

शिवारवाट

मी दुसऱ्या टोकाकडून येतो. फारसीत साचा आहे का, हे विचारण्याआधी इंग्रजीतल्या तारखा तपासा.

हार्डीच्या कवितेखाली ३१ डिसेंबर १९०० आहे खरं, पण 'ग्राफिक' साप्ताहिकात ती छापून आली २९ डिसेंबरला, शतकाच्या मृत्युशय्येपाशी अशा अर्थाच्या वेगळ्या शीर्षकानं. म्हणजे ती तारीख डायरीतली नाही. शतक संपतानाचा दिवस त्यानं कवितेला घातला आहे, जसा हाफिज आपल्या बुलबुलाला सकाळ घालतो. याने कविता खोटी होत नाही. हिवाळ्याच्या राखाडी संध्याकाळी म्हातारा, हडकुळा, वाऱ्यानं पिसं विस्कटलेला पक्षी गळा मोकळा सोडून गातो, आणि कवी म्हणतो की याला असं काही आशेचं ठाऊक असावं जे मला ठाऊक नाही. तो भाग तारखेशिवायही टिकतो.

डॅफोडिल्सचंही तसंच. १५ एप्रिल १८०२ ची नोंद विल्यमच्या नव्हे, त्याची बहीण डॉरथी हिच्या दैनंदिनीत आहे. अल्सवॉटर तळ्याच्या काठानं दोघं मिळून चालली होती. शेवाळल्या दगडांमध्ये उगवलेली फुलं, काही दमून दगडावर उशीसारखं डोकं टेकलेली, बाकीची डुलणारी, नाचणारी, वाऱ्याबरोबर हसल्यासारखी: हे सगळं तिनं लिहिलं. कविता दोन वर्षांनी, १८०४ मध्ये झाली आणि तिच्यात तो 'एकटाच ढगासारखा' भटकतो आहे. बहीण गेली कुठे? आणि तुम्ही म्हणता ती 'आतल्या डोळ्या'ची ओळ? ती आणि तिच्या पुढची, या दोन ओळी त्याच्या बायकोच्या, मेरीच्या. हे त्यानं स्वतः सांगून ठेवलं आहे.

मला हे फार सुंदर वाटतं. पाहिलं तिघांपैकी दोघांनी, टिपून ठेवलं एकीनं, उजळलं दुसरीच्या शब्दांत, आणि कविता त्याची. पानगळ यांनी सांगितलं की सादीचा क्षण शेजारच्याला आला होता. इथेही तो एकट्याचा नाहीच.

कातळ

सगळं छान, पण मूळ फरक कुणी बोललं नाही. फारसी कवीला काय दिसणार हे आधीच ठाऊक असतं.

सादीचाच शेर घ्या. जाणत्याच्या नजरेत हिरव्या झाडाचं 'हर वरकश दफ्तरीस्त', एकेक पान म्हणजे कर्त्याच्या ओळखीचं एकेक दफ्तर. बाबा ताहिर हमदानीला वाळवंटात पाहिलं तरी 'तू', दर्यात पाहिलं तरी 'तू', डोंगर, दरी, माळ, सगळीकडे त्याच रूपाची खूण. दफ्तर आधीच लिहिलेलं आहे, वाचणारा फक्त जागा झाला. आणि रूमी तर त्याच्याही पुढे जातो. त्याच्या 'मस्नवी' या दीर्घकाव्याच्या चौथ्या भागात एक सूफी बागेत गुडघ्यांवर चेहरा टेकून बसलेला आहे. कुणीतरी उपरा येऊन म्हणतो, झोपतोस काय, वेली बघ, झाडं बघ, ईश्वराच्या खुणा बघ. सूफी उत्तर देतो: खुणा अंतःकरणात आहेत, बाहेर आहेत त्या खुणांच्या खुणा. बागा आणि फळं आत आहेत, या मातीपाण्यावर त्यांचं नुसतं प्रतिबिंब. म्हणजे बागेत बसून बागेकडे पाठ. याला निसर्गातला क्षण म्हणायचं कसं?

वर्ड्‌सवर्थ आठवा. मुलगा अल्सवॉटरवर रात्री विलोच्या झाडाला बांधलेली होडी चोरून नेतो. जवळच्या कड्यावर नजर ठेवून वल्ही मारतो. होडी पुढे जाते तसा कड्यामागून एक प्रचंड काळा सुळका डोकं वर काढतो आणि जणू जिवंत असल्यासारखा पाठलाग करतो. थरथरत्या वल्ह्यांनी तो मागे फिरतो. मग कित्येक दिवस डोक्यात नुसता अंधार. ओळखीचे आकार नाहीत, झाडं नाहीत, आभाळ नाही, शेतांचा हिरवा रंग नाही. 'अज्ञात प्रकारचं अस्तित्व' एवढेच शब्द त्याला सापडतात. इथे दफ्तर नाही. काय वाचलं ते वाचणाऱ्याला ठाऊक नाही. मला हा क्षण अधिक खरा वाटतो, कारण तो घाबरवतो.

टेनिसनचं भिंतीच्या फटीतलं फूलही बघा. मुळासकट उपटून हातात धरतो आणि म्हणतो, तू काय आहेस हे कळलं तर ईश्वर आणि माणूस काय ते कळेल. 'तर' आहे त्यात. सादीच्या पानात 'तर' नाही.

पानगळ

कातळ, 'तर'चा मुद्दा एकदम मान्य. पण रूमीला एवढ्या लवकर बागेबाहेर काढू नका. 'प्रिल्यूड'च्याच सहाव्या भागात वर्ड्‌सवर्थ काय म्हणतो? इंद्रियांचा दिवा विझतो, पण विझताना जो लख्ख उजेड पडतो त्यात अदृश्य जग दिसून जातं. दिवा विझल्यावर दिसलं, म्हणजे डोळे मिटूनच की. रूमीच्या सूफीनं चेहरा गुडघ्यात घातला, यानं कोचावर आडवं होऊन आतला डोळा उघडला.

आणि घाबरणं म्हणाल, तर सादीचा तो माणूस आरोळी ठोकून वाळवंटात पळाला होता.

कडेकपारी

मी कवितेतला माणूस नाही, डोंगरातला आहे. रात्री चढतो. तरी 'प्रिल्यूड'चा शेवटचा भाग मी इतक्यांदा वाचला आहे की त्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

वेल्समधला स्नोडन, १०८५ मीटर. वर्ड्‌सवर्थ एकवीस वर्षांचा, १७९१ चा उन्हाळा, बरोबर मित्र आणि वाट दाखवायला एक मेंढपाळ. माथ्यावरून सूर्योदय बघायचा म्हणून रात्री निघतात. रात्र उबदार, कोंदट, वारा नाही, टपटपणारं धुकं. बोलणं हळूहळू बंद पडतं. मेंढपाळाच्या कुत्र्याला दगडांत एक काटेरी अंगाचा छोटा प्राणी सापडतो, तो भुंकतो, तेवढीच करमणूक. कवी मान खाली घालून, धापा टाकत सगळ्यांच्या पुढे. आणि मग पायाखालची जमीन किंचित उजळते. तो लगेच वर बघत नाही. आणखी दोन पावलं, आणखी उजेड. मग गवतावर प्रकाशाचा झोत, आणि वर पाहतो तो उघडा चंद्र, खाली पायांशी धुक्याचा समुद्र आणि त्यातून वर आलेल्या शेकडो टेकड्यांच्या पाठी. दूर धुक्यात एक फट, आणि तिच्यातून असंख्य ओढ्यांचा, झऱ्यांचा एकच आवाज वर येतो.

ज्यानं हे अनुभवलं आहे त्याला यातला शब्दन्‌शब्द पटेल. थंड, जड, ओलसर हवा दरीत साठते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं, धुकं त्या झाकणाखाली अडकतं आणि आपण चढत चढत झाकणातून डोकं बाहेर काढतो. हे सावकाश होत नाही. वीस-पंचवीस पावलांत होतं. आणि आधी कळतं ते खालीच, कारण दमलेला माणूस बुटांच्या टोकाकडेच बघत असतो. माझ्या बाबतीत पहिल्यांदा दिसली ती माझीच सावली. रात्रभर नव्हती आणि एकदम पायांशी होती. मी तिच्यावर पाय पडू नये म्हणून थबकलो होतो.

सांगायचं ते असं की तो गेला होता सूर्यासाठी आणि मिळाला चंद्र. सूर्योदय झाला की नाही, याचा त्या ओळींत पुढे उल्लेखच नाही. हेच आल्प्समध्ये. १७९० मध्ये सिंप्लॉन खिंड ओलांडायला निघाले, वाट चुकले, एका शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, आता सगळी वाट उताराचीच. म्हणजे आल्प्स ओलांडून झाले होते आणि यांना पत्ताच नव्हता. हिरमुसले. आणि पानगळ यांनी दिलेली ती 'दिवा विझण्या'ची ओळ नेमकी या हिरमुसण्यानंतर येते.

ओलीपाने

कडेकपारी, तुमचा प्रतिसाद वाचून मी सगळी पुस्तकं पुन्हा जमिनीवर मांडली. 'गेला होता सूर्यासाठी आणि मिळाला चंद्र.' हे सूत्र धरून बघत गेले तर सगळीकडे एक हात दिसायला लागला. काहीतरी घ्यायला पुढे झालेला हात.

होडी चोरणारा मुलगा. 'नटिंग' नावाची वर्ड्‌सवर्थची कविता आहे, तिच्यात मुलगा जुने कपडे घालून, पिशवी आणि आकडी घेऊन हेझलची फळं काढायला रानात शिरतो. कुणी न शिवलेली जागा सापडते. आधी नुसता बसून राहतो, मग उठतो आणि फांद्या ओरबाडून सगळं उद्ध्वस्त करतो. भरल्या हातांनी निघताना त्याला ती मुकी झाडं आणि मध्येच घुसलेलं आभाळ बघून वेदना होते. टेनिसनच्या हातात मुळासकट फूल. हाफिज 'ता चिनम गुली', फूल खुडायलाच गेला होता, आणि ऐकू आला आवाज. सादीचा मित्र ओटाभर फुलं घेऊन शहराकडे निघालेला.

आणि सादीच्या त्याच प्रस्तावनेत आणखी एक ओटा आहे, पानगळ, जो तुम्ही मुद्दाम माझ्यासाठी ठेवलात की काय! एक साधू ध्यानातून बाहेर येतो. सोबती लाडानं विचारतात, त्या बागेतून आमच्यासाठी काय आणलंस? तो म्हणतो, गुलाबाच्या झाडापाशी पोचलो की तुमच्यासाठी ओटा भरून आणायचं मनात होतं. पण पोचलो तेव्हा त्या गंधानं मी असा धुंद झालो की दामन हातातून सुटला.

हे वाक्य मी दोन वर्षांपूर्वी व्याकरणाचा अभ्यास म्हणून केलं होतं. आज ते कळलं. हात रिकामा झाला तोच तो क्षण. कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशाचंही हेच आहे. त्या हातानं आल्बट्रॉस मारलेला असतो आणि तो मेलेला पक्षी गळ्यात अडकवलेला असतो. चंद्रप्रकाशात पाण्यातले साप बघताना त्याला त्यांच्याबद्दल माया दाटून येते, नकळत तो त्यांना आशीर्वाद देतो, आणि पक्षी आपोआप गळून समुद्रात पडतो. त्यानं सोडवला नाही. सुटला.

इंग्रजीत हात बहुधा आधी घेतो, मोडतो, मग कळतं. फारसीत घ्यायच्या आधीच सुटतो. कातळ, तुम्ही म्हणता तो भीतीचा फरक मला इथे दिसतो. होडीतला मुलगा घाबरला कारण होडी त्याची नव्हती.

त्या मुलीचं उत्तरही मला आता देता येईल असं वाटतं. कवीनंच लिहून ठेवलंय: 'बघत राहिलो, बघत राहिलो, पण या देखाव्यानं मला कोणती दौलत दिली याचा तेव्हा विचारच आला नाही.' तळ्याकाठी तो नुसता बघत होता, काही घेत नव्हता. म्हणून ती फुलं घरापर्यंत त्याच्यासोबत आली. इतकी वर्षं मी ही ओळ फळ्यावर लिहून तिच्याखाली शब्दार्थ देत होते.

रानशेवंती

फक्त जुनेच कवी का? सोहराब सेपेहरी (१९२८ ते १९८०) राहिला की. कवी आणि चित्रकारही. तुम्हाला फारसीत पत्ता हवा होता ना, त्याची 'दर गुलिस्ताने' ही कविता इराणमधल्या काशानजवळच्या गुलिस्ताने गावातली आहे. भर उन्हाळ्याची दुपार, पसरलेले माळ, उंच डोंगर आणि गवताचा वास. तो म्हणतो, मी या वस्तीत काहीतरी शोधत होतो: एखादी झोप कदाचित, थोडा उजेड, एखादा खडा, एखादं हसू. आणि पुढे मनात काहीतरी उजेडाच्या रानासारखं दाटतं आणि वाटतं, माळाच्या टोकापर्यंत धावत सुटावं, डोंगराच्या माथ्यापर्यंत जावं. दुरून कुणाची तरी हाक येते आहे.

पहाटेच्या झोपेची उपमाही आहे त्यात. सादीचा काफिल्यातला माणूस सातशे वर्षांनी पुन्हा पळायला निघाला असं मला तुमचे प्रतिसाद वाचताना वाटलं. आणि याच्या हातात तर घ्यायला मागितलेली वस्तू काय, तर एक खडा.

मराठी शब्दाचं काय ठरलं?

ओलीपाने

'भान' ठरवते आहे. 'उन्मेष' फार पुस्तकी वाटतो, 'प्रचिती'त पडताळा आहे. भान मात्र दोन्ही बाजूंनी चालतं. गुलाबाच्या गंधानं त्या साधूचं भान सुटलं. बेडकांच्या आणि पाखरांच्या आवाजानं काफिल्यातल्या माणसाला भान आलं. एकच शब्द, सुटणं आणि येणं दोन्हीला. कीट्‌ससुद्धा नाइटिंगेल उडून गेल्यावर विचारतोच ना, मी जागा आहे की झोपेत?

गटासाठी हाफिजचा एक शेर मराठीत करून नेते आहे. 'मजरअ-ए-सब्ज-ए-फलक दीदम व दास-ए-मह-ए-नौ, यादम अज किश्ते-ए-खीश आमद व हंगाम-ए-दिरो.' पहिला खर्डा असा झाला:

आभाळाचं हिरवं शेत पाहिलं, आणि विळा नव्या चंद्राचा;
आठवलं माझं पेरलेलं, आणि हंगाम कापणीचा.

'हंगाम' मला भाषांतरित करावाच लागला नाही. तो आधीच आपल्या शेतात उभा होता. पण 'पेरलेलं' की 'पेरणी'? पेरणी कानाला बरी लागते.

पानगळ

'पेरलेलं'च ठेवा, ताई. 'किश्ते' म्हणजे पेरून झालेलं. पेरणी म्हटलं की अजून करायची आहे असं वाटतं, आणि विळा तर आभाळात निघालेला आहे.

आणि लगेच पुढचा शेरही घ्या. तो नशिबाला म्हणतो, अरे बख्त, तू झोपलास आणि सूर्य उगवला. उत्तर येतं: असं असलं तरी झालं-गेलं बघून निराश होऊ नकोस. इथेही पहाटे कुणीतरी झोपलेलंच आहे.